दोन माणसांची मासवडी

फेब्रुवारी उजाडला की शहरातल्या पुरवण्यांत एक लेख ठरलेला असतो: कमी खर्चात, घरच्या घरी, दोघांसाठी खास जेवण. त्यात पास्ता असतो, ताटाभोवती पसरायच्या गुलाबाच्या पाकळ्या असतात आणि शेवटी चॉकलेटचं काहीतरी असतं, जे ओव्हन नसलेल्यांनीही ओव्हनमध्येच करायचं असतं. खाली खर्चाचा अंदाज दिलेला असतो. जुन्नर-आंबेगावकडचा माणूस तो अंदाज वाचून आधी हसतो. बाजरी घरची, कांदा चाळीतला, लसूण आढ्याला टांगलेला, कोथिंबीर बांधावर, दूध गोठ्यात. 'घरच्या घरी स्वस्तात' तर आम्ही रोजच जेवतो, त्यासाठी फेब्रुवारी कशाला लागतो? मग तो लेख पुन्हा वाचतो आणि गप्प होतो. त्यातली एक वस्तू खर्चाच्या यादीत धरलेलीच नसते. ती फुकट मिळते, असा लिहिणाऱ्याचा समज असतो. ती वस्तू म्हणजे 'दोघांसाठी'.

नारायणगावच्या उपबाजारात टोमॅटो मिळतो. मंचरला कांदा-बटाटा मिळतो. आळेफाट्यावर अपरात्री नाशिकची गाडीही मिळते. एकांत मात्र कुठल्याच बाजार समितीच्या आवारात उतरत नाही. आला तरी आडत्याच्या आधी घरातलं कुणीतरी त्याचा लिलाव करून मोकळं होतं.

प्रेमापायी खर्च करायची परंपरा या मुलखाला नाही, असं कुणी समजू नये. मंचरहून पाबळ जवळच. बाजीरावाने मस्तानीला पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावं इनाम दिली. पाबळला तिची कबर आजही आहे. एका बाईसाठी तीन गावं! त्यानंतर या परिसरातल्या पुरुषांनी तो विषय फारसा वाढवला नाही. जिथे भावाभावांत अर्ध्या गुंठ्यावरून घोडेगावच्या कोर्टात तारखा पडतात, तिथे बायकोला बांधसुद्धा कोण लिहून देणार?

आणि हिशेबाचं म्हणाल, तर तो आमच्या दगडातच आहे. जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाट. तिथल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. कुठल्या यज्ञात किती गायी दिल्या, किती घोडे दिले, किती कार्षापणं वाटली, याची आकड्यांसकट यादी. अंकलेखनाच्या इतिहासात त्या लेखाला फार मोठा मान आहे. मला मात्र तो दोन हजार वर्षं टिकलेला घरखर्चाचा हिशेब वाटतो. बायकोने एकदा लिहून ठेवायचं मनावर घेतलं की ती वहीवर थांबत नाही. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, तो जकातीचा म्हणतात. म्हणजे जमा बाहेर आणि खर्च आत, अशी सगळी व्यवस्था तेव्हापासून लागलेली आहे.

यंदा बायकोने आणि मी लेखातलं ते दोघांसाठीचं जेवण करायचं ठरवलं, पण आमचं बजेट त्या मानाने गरीब. दीडशे रुपये. ते ठरवायलाही दोन संध्याकाळी लागल्या, कारण आधी हॉटेलात जावं असा एक सूर निघाला होता. पुणे-नाशिक हायवेवर फॅमिली गार्डन रेस्टॉरंटं कमी नाहीत. पण तिथे शेजारच्या टेबलावर गावातलं कुणीतरी बसलेलं असतंच. "काय, आज इकडं?" असं तो विचारतो आणि आपण "सहज" म्हणतो. स्वतःच्या लग्नाच्या बायकोसोबत जेवायला आलेला माणूस चक्क 'सहज' म्हणतो! वर तो भला गृहस्थ आपली खुर्ची सरकवून आपल्याच टेबलाला जोडतो, ऊस कारखान्याला कधी जाणार ते विचारतो आणि जाताना बिलही भरतो. पैसे वाचतात, पण संध्याकाळ जाते.

शृंगाराचं आम्हाला वावडं आहे, असाही अर्थ काढू नका. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच गावच्या. यात्रा-जत्रांचा हंगाम जवळ आला की फडांच्या राहुट्या इथे लागतात आणि गावोगावची पंचमंडळी येऊन सुपारी देऊन जातात. म्हणजे शृंगाराची सोय आमच्याकडे वर्गणी काढून, पावती फाडून, उघड्या मैदानात होते. त्यात कुणाला लाजायचं कारण पडत नाही. लाज वाटते ती घरात, दोन ताटं शेजारीशेजारी मांडायची वेळ आली की.

जेवणात काय करायचं, यावर मात्र वाद झाला नाही. मासवडी. नावात मासा आणि पोटात खोबरं-तीळ, त्यामुळे माळकऱ्याच्या घरातही चालते. जुन्नर-आंबेगावात पाहुण्याची किंमत त्याला मासवडी केली की नुसतंच पिठलं टाकलं, यावरून कळते. जावयाला मासवडी. मुलगी बघायला आलेल्यांना पोहे आणि पसंती कळली की मासवडी. नवऱ्याने बायकोसाठी किंवा बायकोने नवऱ्यासाठी मासवडी केल्याचं ऐकिवात नाही, कारण ती दोघं एकमेकांचे पाहुणे नसतात.

लागणारं सामान तसं साधं: हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, सुकं खोबरं, तीळ, खसखस, कांदा, लसूण, कोथिंबीर आणि घरचा काळा मसाला. खोबरं आणि खसखस सोडली तर सगळं घरात. त्या दोन जिनसांसाठी किराणा दुकानात जावं लागतं आणि गुप्ततेचा तिथेच निकाल लागतो.

"खसखस?" शेठनी चष्म्यावरून पाहिलं. "पाहुणे येणारेत का?"

"नाही."

"मग सुपारी फुटली का कुणाची?"

"नाही हो. घरीच."

"घरीच म्हणजे? माणसं किती?"

"दोन."

शेठनी काट्यावरून हात काढला. "दोन माणसांत मासवडी करत नाहीत," ते म्हणाले. तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या बाईंनी "बरोबर आहे" म्हणून दुजोरा दिला. कुठल्या बाई होत्या ते मागे वळून बघण्याचं धाडस मला झालं नाही. खोबऱ्याचा भाव ऐकल्यावर तर शेठचं म्हणणं मलाही पटायला लागलं होतं.

टोमॅटोची कोशिंबीर ठेवायची की नाही, हे आमच्याकडे तब्येतीवर नाही, नारायणगावच्या मार्केटवर ठरतं. २०२३ च्या जुलैत तिथे वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं होतं. त्या महिन्यात ज्याने बायकोसाठी निवडून किलोभर टोमॅटो घरी ठेवले, त्याच्या प्रेमाला दुसरा पुरावा मागायचं कारण नाही. एरवी तोच टोमॅटो तोडणीची मजुरीही निघत नाही म्हणून रस्त्याच्या कडेला ओतलेला दिसतो. लाल रंग प्रेमाचा, असं शहरातल्या लेखात म्हटलेलं असतं. हंगामात एकदा त्या ढिगांवरून गाडी घालून पाहा. असो. यंदा भाव मधला होता, म्हणून कोशिंबीर ठेवली.

प्यायला काय, याचीही चर्चा झाली, कारण लेखात वाइनचा एक पेला सांगितला होता. आता गंमत बघा. १९८०च्या दशकात शॅम्पेनच्या पद्धतीने फेसाळती वाइन बनवणारा कारखाना निघाला तो याच नारायणगावात. ती 'ओमर खय्याम' नावाने परदेशात विकली जायची आणि तिकडचे लोक ती पिऊन एकमेकांच्या डोळ्यांत बघायचे. गावातले लोक तेव्हाही ताकच पीत होते. पुढे तो कारखाना बंद पडला, ताक चालू आहे. आम्हीही ताकच ठेवलं. शेवटी गोड म्हणून द्राक्षं. जुन्नरची काळी जंबो द्राक्षं परदेशी जातात, पण पॅकिंगच्या वेळी घडातून सुटलेले मणी परदेशी जात नाहीत. ते शेजारच्या प्लॉटवर पाटीने मिळतात. चव तीच. घडाची शिस्त तेवढी नसते.

इथवर सगळं स्वस्तात जमलं. खरा प्रश्न वेळेचा होता.

घरात आई-दादा, दोन पोरं आणि कॉलेजसाठी राहायला आलेला भाचा. तो अभ्यास करतो असं म्हणतात, पण तो घराबाहेर कधीच नसतो, एवढं नक्की. संध्याकाळी दूध घालायला डेअरीवर जावं लागतं, सातनंतर दादांच्या बातम्या, आठला आईची मालिका. रात्र तरी आपली म्हणावी, तर शेतीची थ्री फेज लाईट काही दिवस दिवसाची असते आणि काही दिवस रात्रीची. ज्या आठवड्यात ती रात्रीची, त्या आठवड्यात नवरा विहिरीवर. अंगणात चांदण्यात ताटं मांडावीत, असं कुणी सुचवेल. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, पण सगळेच बिबटे तिथे मुक्कामाला नाहीत. पुष्कळ उसात आहेत, आणि अंधार पडल्यावर अंगणही त्यांचंच. यावर विनोद करणं जिवावर येतं. या भागात माणसं गेली आहेत, लहान पोरं गेली आहेत. शेतीला दिवसा लाईट द्या, ही इथली मागणी सोयीची नाही, जिवाची आहे. तेव्हा चांदणं खिडकीतून बघायचं. तसंही आकाशाकडे लक्ष द्यायला आम्ही खोडद आणि आसपासच्या परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना बसवलेल्या आहेत. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेली कुजबुज त्यांना ऐकू येते. स्वयंपाकघरातून मारलेली हाक ओटीवर बसलेल्या नवऱ्याला ऐकू यावी, यासाठीचं यंत्र अजून यायचं आहे.

शेवटी आमच्या मदतीला आला तो हरिनाम सप्ताह.

या दोन तालुक्यांत सप्ताह नाही असं गाव शोधून सापडायचं नाही. पहाटे काकडा, मग पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर पंगत. कीर्तनाच्या वेळी घरात कुणी राहत नाही. म्हातारी माणसं पुढे सतरंजीवर, पोरं मंडपाच्या कडेला धुडगूस घालत, तरुण मंडळ वाढपाच्या तयारीत, किराणावाले शेठ देणगीदारांच्या पाटीखाली. गल्लीत कुत्री आणि स्ट्रीटलाइट एवढंच उरतं. इथे नवरा-बायकोच्या एकांतासाठी आजवर कुणी काही केलं असेल, तर ते कीर्तनकार महाराजांनी. त्यांना हे कुणी कधी सांगितलेलं नाही.

मागे राहायला दोघांनाही कारण हवं होतं. तिचं डोकं दुखत होतं. मला मोटर चालू करायची होती. आई मंडपात जायला निघाली आणि उंबऱ्यात थांबली.

"तुझं डोकं दुखतंय तर पडून राहा. हा कशाला थांबलाय?"

"त्यांना मोटर चालू करायचीय, आई."

"या आठवड्यात लाईट दिवसाची आहे," आई म्हणाली. आमच्या दोघांकडे तिने बघितलं नाही. ओट्यावरच्या खोबऱ्याच्या वाटीकडे बघितलं. मग चप्पल घातली आणि दोन्ही पोरांना हाताला धरून निघाली. "भाच्याला पण उठवते," असं जाता जाता म्हणाली.

मासवडीचं मोठेपण हे की ती एकट्याने होत नाही. पातेल्यात फोडणी करायची, जिरं, लसूण-मिरचीचं वाटण, हळद, वर पाणी आणि मीठ. पाण्याला उकळी फुटली की एकाने वरून पीठ भुरभुरत राहायचं आणि दुसऱ्याने लाटण्याने हाटत राहायचं. हात थांबला की गुठळी झालीच. हाटायला जोर लागतो, जोराने पातेलं फिरतं, म्हणून ते कुणीतरी धरावं लागतं. पीठ टाकणारा, हाटणारा आणि धरणारा असे तीन जण लागतात. आम्ही दोघंच, त्यामुळे पीठ टाकणं आणि धरणं माझ्याकडे आलं.

"अहो, धरा नीट."

"धरलंय."

"माझा हात नाही, पातेलं धरा."

गोळा झाला, झाकण ठेवून वाफ आली की तो ओल्या फडक्यावर काढून गरमागरमच थापायचा. गार होऊ दिला तर चिरा पडतात. हात पाण्यात बुडवायचा, थापायचं, चटका बसला की तोंडाने हवा आत ओढायची आणि हात पुन्हा पाण्यात. बघताना वाटतं, आता बस झालं. पण तिचा हात पोळीच्या कडेपर्यंत जातोच आणि कड पातळ करूनच परत येतो. मग मधोमध सारणाचा पट्टा: भाजून कुटलेलं खोबरं, तीळ, खसखस, परतलेला कांदा, लसूण आणि भरपूर कोथिंबीर. फडक्याची एक कड उचलून अर्धी पोळी सारणावर, दुसरी कड उचलून उरलेली अर्धी. फडक्यासकट दोन्ही तळव्यांनी दाबत वरच्या बाजूला धार काढली की माशाचा आकार येतो. त्यानंतर फडकं सोडवायचं. त्या अर्ध्या मिनिटात कुणीही बोलू नये. वळकटी सरळ निघाली तर तिचं कौशल्य आणि फाटली तर मी मध्येच बोललो होतो.

तिकडे मंडपातल्या कर्ण्यावर महाराज रंगात आले होते. प्रपंच कसा खोटा आहे, बायको-पोरं कशी शेवटी कुणाची नसतात, जिभेच्या चोचल्यांपायी माणूस कसा बुडतो, हे सगळं आमच्या स्वयंपाकघरात अगदी स्पष्ट ऐकू येत होतं. त्या तालावर ती वड्या कापत होती. मध्ये एकदा महाराज म्हणाले, "सांगा, काय बरोबर नेणार?" तेव्हा तिने कडेची, आकार बिघडलेली वडी माझ्या हातावर ठेवली.

घोटाळा झाला तो रश्शाने. वड्या कशाही लपवता येतात. पण रश्शासाठी कांदा-खोबरं भाजायला घेतलं आणि त्यावर काळा मसाला पडला की तो वास गल्लीत कुणाला विचारून जात नाही. शेजारच्या मावशींचे गुडघे दुखतात म्हणून त्या सप्ताहाला गेल्या नव्हत्या. हे आमच्या नियोजनात सुटलं होतं. विरजण मागायला त्या मोकळी वाटी घेऊन आल्या. "मासवडी का गं? कोण आलंय?" आणि वळून माझ्याकडे बघून, "अरे, तू घरीच? मोटर बंद पडली का?" वाटीतून विरजणाऐवजी चार वड्या आणि वर रस्सा गेला. मावशी समाधानाने गेल्या आणि जाताना दार लोटून गेल्या. म्हाताऱ्या माणसांना आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ कळतं, आणि ते त्या दिवशी दुसऱ्यांदा कळलं.

मग बसलो. बाजरीची भाकरी, मासवडी, तर्रीचा रस्सा, कोशिंबीर, कांदा, ताक. ताटं शेजारीशेजारी मांडली. समोरासमोर बसून एकमेकांकडे बघत जेवायचं आम्हाला जमण्यासारखं नव्हतं. शहरातल्या लेखात यापुढे 'मनमोकळा संवाद साधा' असं लिहिलेलं असतं. हे कलम जुन्नर तालुक्यात लागू करणं अवघड आहे. आळ्याला ज्ञानेश्वरांनी वेद बोलायला लावलेल्या रेड्याची समाधी आहे, हजारो लोक दर्शनाला जातात. रेडा बोलला. पण त्याच पंचक्रोशीतला नवरा भरल्या ताटावर 'छान झालंय' असं तोंडाने बोलेल, हा चमत्कार अजून कुणी करून दाखवलेला नाही. जास्तीत जास्त 'मीठ बरोबर आहे' इथपर्यंत मजल जाते, आणि तेही मीठ खरोखर बरोबर असेल तर.

"कशी झालीय?" तिने विचारलं.

"रस्सा वाढ अजून."

ती हसली आणि रस्सा वाढला. चौथी भाकरी न विचारता ताटात पडली. यापलीकडे त्या रात्री कुणी काही बोललं नाही, आणि दोघांचीही काही तक्रार नव्हती. कर्ण्यावर पसायदान सुरू झालं तेव्हा द्राक्षांचे मणी संपत आले होते. पंगत उठेपर्यंत अजून अर्धा तास होता. त्या अर्ध्या तासात भांडी घासली. दोघांनी.

तुम्हाला हा बेत करायचा असेल तर दोन-तीन गोष्टी सांगून ठेवतो. सप्ताहातला असा दिवस निवडा, ज्या दिवशी महाराज लांबून येणार असतील. लांबून आलेले महाराज लवकर उठत नाहीत. किराणा दुसऱ्या गावातून आणा. शेजारी वाटी आधीच पोहोचवा, मागायला येऊ देऊ नका. आणि दोघांपुरती मासवडी करायच्या भानगडीत पडू नका, शेठचं म्हणणं खरं आहे, ती उरतेच. उरलेल्या वड्या सकाळी तव्यावर थोड्या तेलात खरपूस परतून पोरांच्या डब्यात घाला. पोरं विचारतील, "आई, या कधी केल्या?" त्याचं उत्तर मात्र दोघांनी रात्रीच ठरवून ठेवा, आणि त्यात मोटर आणू नका.